‘आढळले नाही’ म्हणजे काय? तारापूरच्या सांडपाण्याची मोजणी



आजचा विषय ऐकून काही जणांनी दारातच विचारलं, ‘सर, जालन्याहून समुद्र चारशे किलोमीटर लांब. आपल्याला तारापूरच्या पाण्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. विषय कसा निघाला ते आधी सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी अंबड तालुक्यातली. लग्नानंतर ती बोईसरला राहायला गेली. मध्यंतरी तिचा फोन आला. म्हणाली, ‘सर, इथं बाजारात ताजे बोंबील येतात. लेकराला आवडतात. शेजारीण म्हणते, अणुकेंद्राचं पाणी समुद्रात सोडतात, मासे देऊ नको. हे म्हणतात, अहवालात “आढळले नाही” असं लिहिलंय, खुशाल दे. मी कोणाचं ऐकू?’

आम्ही म्हणालो, ‘अगं, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, अणुशास्त्राचे नाही.’ पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिनं अणुशास्त्राचा प्रश्न विचारलाच नव्हता. ‘कोणाचं ऐकू’ हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो आम्ही उभा जन्म शिकवला. तेव्हा उत्तर द्यायला आम्ही बांधील होतो. त्यासाठी वाचावं लागलं, जाणकारांना विचारावं लागलं. ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी ठिकाण. तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. भारतातली अणुवीज तिथूनच सुरू झाली. या दोन्ही अमेरिकन बनावटीच्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या, त्या देशी बनावटीच्या आणि जड पाण्यावर चालणाऱ्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, हेही विसरू नये.

आता सांडपाणी. अणुकेंद्रातून समुद्रात दोन प्रकारचं पाणी जातं आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं थंड करायचं पाणी. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं, तर ती थंड करावी लागते. त्यासाठी समुद्राचं पाणी प्रचंड प्रमाणात आत घेतात, नळ्यांतून फिरवतात आणि थोडं गरम करून परत सोडतात. नळीच्या आत एक पाणी आणि बाहेर दुसरं, दोघांची भेट होत नाही. दुसरं पाणी थोडंसंच असतं. गळती, यंत्रांची धुलाई, कामगारांचे कपडे धुणं, प्रयोगशाळा, इथून ते येतं. त्यात किरणोत्सर्गी कण असू शकतात. ते गाळतात, रसायनं घालून साका खाली बसवतात, रेझिनमधून नेतात. राहिलेलं पाणी टाकीत साठवतात, त्याचा नमुना तपासतात. आकडा मर्यादेत असला तरच ती टाकी सोडायची, तीही पहिल्या पाण्याच्या मोठ्या प्रवाहात मिसळून. नळाला पाणी चोवीस तास असावं तसं हे पाणी चालू नसतं. टाकी-टाकीनं हिशेब होतो, आणि सोडताना वाटेवरचं मोजयंत्र चालू असतं.

मर्यादा कोण ठरवतं? अणुऊर्जेचा कायदा, त्याखालचे किरणोत्सर्गी कचऱ्याचे नियम आणि १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ. मर्यादा ठरवण्याची रीत उलट्या बाजूनं चालते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आधी माणूस धरायचा. सामान्य नागरिकाला अशा केंद्रांमुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. (निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, आकाश आणि अन्न यांतून, जगातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच.) मग त्या १ मधला वाटा हवेला किती, पाण्याला किती, कोणत्या भट्टीला किती, हे पाडायचं. आणि मग मागे मागे जात विचारायचं, की या माणसाला एवढंच मिळावं म्हणून टाकीतून जास्तीत जास्त किती सोडता येईल?

पण ‘हा माणूस’ म्हणजे कोण? इथे ब्रिटनची एक गोष्ट सांगतो. तिथे विंडस्केल नावाचं अणुकेंद्र आयरिश समुद्रात सांडपाणी सोडायचं. मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त मात्रा मासे खाणाऱ्यांना मिळत नाही. त्या किनाऱ्यावर एक समुद्री शेवाळ मिळायचं, त्यात रुथेनियम साचायचं. ते शेवाळ जायचं दूर, दक्षिण वेल्समध्ये. तिथले लोक त्याचा एक पदार्थ आवडीनं खात. म्हणजे ज्याला धरून मर्यादा ठरवायची तो माणूस किनाऱ्यावर नव्हताच! सरासरी माणूस धरला असता तर तो सुटलाच असता. म्हणून मोजणी यंत्रापासून सुरू होत नाही, ती माणसाच्या ताटापासून सुरू होते. कोण काय खातं, किती खातं, हे आधी विचारावं लागतं. तारापूरला ते ताट कोळ्याचं आहे. बोंबील रोज खाणारा, आणि ओहोटीला खडकावर कालवं फोडणारा.

त्यासाठी केंद्राच्या कुंपणाबाहेर दुसरी मोजणी चालते. प्रत्येक अणुकेंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते. भट्टी सुरू होण्याआधीच ती काम सुरू करते, म्हणजे आधी काय होतं याची नोंद राहते. साधारण ३० किलोमीटरच्या परिसरातून समुद्राचं पाणी, गाळ, शेवाळ, मासे, कालवं, भाजी, दूध, अगदी बकऱ्याची थायरॉइड ग्रंथीसुद्धा नमुना म्हणून घेतात, कारण आयोडीन तिथे साचतं. आम्हाला यात सगळ्यात आवडला तो कालवांचा भाग. बाटलीत भरलेलं पाणी त्या एका क्षणाची साक्ष देतं. कालव बिचारं महिनोन् महिने एका जागी बसून पाणी गाळत असतं. तुम्ही नमुना घेतला नाही त्या रात्री काय सोडलं, याचीही थोडीफार खूण त्याच्या अंगात राहते. गाळाचंही तसंच.

आता येऊ त्या दोन शब्दांकडे: ‘आढळले नाही’.

आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी नावाचं प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळलं? तो दिसला नाही म्हणून. पण लगेच त्यांनी एक अट घातली. नुसतं न दिसणं पुरेसं नाही, ते न दिसणं योग्य हवं. घडा असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा, डोळे धड हवेत, घडा दिसण्याजोगा हवा. काळोख्या खोलीत उभं राहून ‘घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही’ असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? याला योग्यानुपलब्धी म्हणतात. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, पण ही अट त्यांनाही मान्य आहे.

प्रयोगशाळेतली ‘शोधमर्यादा’ ही तीच अट आहे, आकड्यात मांडलेली.

उदाहरण घेऊ. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम असतं, त्याचा एक प्रकार निसर्गतःच किरणोत्सर्गी. लिटरमागे सुमारे १२ बेकरेल, म्हणजे दर सेकंदाला १२ अणू फुटतात. हे सृष्टीच्या आरंभापासून आहे. म्हणजे शून्य किरणोत्सर्गाचा समुद्र जगात कुठेच नाही. शिवाय १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी हवेत बॉम्ब फोडले, त्यांचं सीझियम-१३७ आजही सगळ्या महासागरांत आहे. ते हजार लिटरमागे सुमारे १ बेकरेल. आता हिशेब करा. एका लिटरात पोटॅशियम १२, आणि सीझियम एक हजारांश. त्या कोलाहलात ही कुजबुज ऐकायची! दोघांच्या किरणांची ऊर्जा वेगळी असते, म्हणून ते शक्य होतं. पण त्यासाठी पुष्कळ पाणी घेऊन त्यातलं सीझियम एकवटावं लागतं आणि तासन् तास मोजावं लागतं. एक लिटर पाणी घेऊन दहा मिनिटं मोजलं, तरी अहवालात ‘आढळले नाही’ येईल. पन्नास लिटर घेऊन दिवसभर मोजलं आणि काही मिळालं नाही, तरीही ‘आढळले नाही’च येईल. शब्द तेच. पहिलं काळोख्या खोलीतलं, दुसरं उजेडातलं.

ट्रिटियमची कथा तर याहून बोधक आहे. हा हायड्रोजनचाच भाऊ. जड पाण्याच्या भट्टीत तो जास्त तयार होतो. तो पाण्याचाच भाग होऊन बसतो, म्हणून गाळून निघत नाही. त्याचे किरण इतके दुबळे की सीझियम शोधणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाहीत. त्याला वेगळी पद्धत लागते. चमकणाऱ्या द्रवात नमुना मिसळून प्रकाशाचे ठिपके मोजतात. म्हणजे एखाद्या अहवालात फक्त गॅमा तपासणी असेल आणि तळाशी ‘आढळले नाही’ लिहिलेलं असेल, तर ट्रिटियमबद्दल तो अहवाल काहीच बोललेला नाही. जपाननं २४ ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली, तेव्हा वाद मुख्यतः ट्रिटियमवरूनच झाला. त्यांनी लिटरला १५०० बेकरेलची वरची मर्यादा घातली. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १०,००० आहे. आकडे असे शेजारी ठेवले की भीतीही आटोक्यात राहते आणि आंधळा विश्वासही.

मग तारापूरचे आकडे काय म्हणतात? भाभा केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी सात अणुकेंद्रांच्या २००० ते २०२० या काळातल्या नोंदी एकत्र अभ्यासल्या. त्यांना लोकांना मिळणारी मात्रा मर्यादेच्या खूप खाली दिसली, आणि ५ किलोमीटरपलीकडे भट्टीतले पदार्थ यंत्रांच्या शोधमर्यादेखाली गेलेले दिसले. बघा, त्यांनी ‘नाहीत’ असं म्हटलं नाही, ‘शोधमर्यादेखाली’ म्हटलं. ही सचोटीची भाषा आहे. आणि ती शोधमर्यादा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असेल, तर हे ‘नाही’ उजेडातलं ‘नाही’ ठरतं.

इथे तुमच्यातला कोणी उठून म्हणेल, ‘सर, पण मोजणारेही त्यांचेच ना?’ हा खरा प्रश्न आहे. वीजकेंद्र चालवणारं महामंडळ आणि मोजणारी प्रयोगशाळा, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली. नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नाही, असा ठपका कॅगनं २०१२ च्या अहवालात ठेवला होता. न्यायशास्त्रात आप्त कोणाला म्हणतात? ज्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायनांनी स्पष्ट म्हटलंय की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना एकच. म्हणजे सरकारी शिक्का असल्यानं कोणी आप्त होत नाही, आणि सरकारी शिक्का आहे म्हणून कोणी खोटाही ठरत नाही. पहिली अट, म्हणजे माहिती असणं, प्रयोगशाळा नक्की पूर्ण करते. दुसऱ्या अटीची खात्री पटायला बाहेरच्या एखाद्या विद्यापीठानं त्याच दिवशी, त्याच खडकावरची कालवं घेऊन स्वतंत्र मोजावीत, आणि आकडे मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लागावेत. खऱ्याला याचा तोटा नाही.

आणखी एक सावधगिरी. किरणोत्सर्ग मर्यादेत आहे, हे ‘मासे कमी का झाले’ याचं उत्तर नाही. गरम पाणी हा वेगळा विषय आहे. किनाऱ्यावरच्या नव्या वीजकेंद्रांना सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा ७ अंशांहून अधिक गरम नसावं असं बंधन आहे, ते याचसाठी. नळ्यांत शिंपले चिकटू नयेत म्हणून क्लोरीन घालतात, तेही मोजावं लागतं. आणि शेजारीच बोईसरची रासायनिक कारखान्यांची तारापूर औद्योगिक वसाहत आहे! तिच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. जानेवारी २०२२ च्या निकालात कारखान्यांवर आणि सामायिक प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली गेली. समुद्र एकच, सांडपाणी दोन. ज्याची भीती जास्त त्याची मोजणी चोख झाली. ज्याची भीती कमी त्यानं खाड्या नासवल्या.

त्या मुलीला आम्ही शेवटी काय सांगितलं? म्हणालो, ‘अणुकेंद्राच्या भीतीनं लेकराचे बोंबील बंद करावेत असं जाहीर आकड्यांत आम्हाला काही दिसत नाही. रसायनांबद्दल मात्र तेवढ्या खात्रीनं बोलता येत नाही. मासा कोणत्या खाडीतला, कुठल्या बंदरावरचा, हे कोळणीला विचारून घे. शेजारणीची काळजी खोटी नाही, फक्त तिचं बोट चुकीच्या नळाकडे आहे.’ ती हसली. म्हणाली, ‘सर, अजून परीक्षेतल्यासारखंच उत्तर देता.’

आता दारातल्या त्या प्रश्नाकडे. जालन्याला याचं काय? आपल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळून सळ्या होतात. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते भारतातून गेलेल्या पोलादात होतं. भंगाराबरोबर वितळलेलं. म्हणजे किरणोत्सर्गाला समुद्रकिनाराच लागतो असं नाही. भंगाराच्या गाडीवर फाटकातच मोजयंत्र फिरलं का, हे आपण विचारू शकतो. आणि गावातून वाहणारी आपली कुंडलिका? तिचा अहवाल हाती आला, तर आता तुम्हाला काय विचारायचं ते माहीत आहे. काय शोधलं? कशानं शोधलं? किती पाणी घेतलं, कोणत्या दिवशी, कोणत्या पुलाखाली? शोधमर्यादा किती? आणि मोजलं कोणी?

या प्रश्नांची उत्तरं कागदावर असतील, तर ‘आढळले नाही’ या शब्दांवर विसंबून पाणी प्यायला हरकत नाही. नसतील, तर आधी दिवा लावायला सांगा. घडा आहे की नाही ते मग बघू.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.