उंचीवरील मेंदूची सूज आणि रुग्णाची साक्ष

बोलणाऱ्याच्या अंतःस्थितीविषयी त्याचेच म्हणणे प्रमाण मानावे, हा भाषाव्यवहारातील सर्वसामान्य संकेत होय. अत्युच्च प्रदेशात मेंदूस येणारी सूज हा त्याला घातक अपवाद आहे. कारण ज्या इंद्रियाच्या आधारे साक्ष द्यावयाची, तेच येथे विकृत झालेले असते.

हवेतील प्राणवायूचा दाब घटला असता मेंदूकडील रक्तप्रवाह वाढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि कवटीतील दाब चढू लागतो. टॉमस रेव्हनहिल या डॉक्टरांनी १९१३ साली उत्तर चिलीतील खाणींवरील अनुभवावरून 'पुना' या विकाराचा जो मज्जाविषयक प्रकार वेगळा नोंदविला, तो हाच. 'पुना' म्हणजे अँडीज पर्वतातील उंच पठार. स्थळाचे नाव येथे रोगास मिळाले.

डोकेदुखी, मळमळ व ग्लानी ही साध्या पर्वतविकाराची लक्षणे होत. त्यांत तोल जाणे किंवा बुद्धिभ्रम यांची भर पडली, की मेंदूस सूज आली असेच समजून चालावे. परीक्षा सोपी आहे : टाचेस अंगठा लावीत सरळ रेषेत चालावयास सांगावे. ज्याचा तोल जातो, त्याच्या 'मी बरा आहे' या उद्गारावर विसंबू नये.

मग वाणीवरूनच निदान का करू नये? फिलिप लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एव्हरेस्टवरील आरोहकांचे उच्चार तपासले. 'ब' आणि 'प' यांसारख्या घोष-अघोष स्पर्शवर्णांतील कालभेद उंचीबरोबर घटला व साधी वाक्ये समजण्यासही अधिक वेळ लागला. परंतु ही निरीक्षणे सूज आलेल्या रुग्णांची नव्हेत. वाणीचे मांद्य ही सूचना आहे. निर्णायक पुरावा नव्हे.

मुख्य उपचार एकच : रुग्णास तत्काळ, सोबतीसह, खाली नेणे. रात्र सरण्याची वाट पाहू नये. बेशुद्धी व मृत्यू एका दिवसाच्या आतही ओढवू शकतात. जोडीला प्राणवायू द्यावा. प्रौढास डेक्सामेथासोन प्रथम ८ मिलिग्रॅम व नंतर दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम देतात. उतरणे अशक्य असल्यास हवा भरून दाब वाढविणाऱ्या पिशवीत रुग्णास ठेवता येते. तथापि औषध व पिशवी यांनी केवळ अवधी मिळतो, उतरण्याची गरज टळत नाही.

सारांश, येथे निर्णयाचा अधिकार रुग्णाकडून सोबत्यांकडे जातो. चढाईपूर्वीच तसा करार सर्वांनी मिळून करावा. कारण पुढे संमती विचारावी, तर ती देणारी बुद्धी शाबूत असेलच असे नाही.