ब्रेकची नळी : हंगामाआधी एकदा गाडीखाली डोकवा



गळीत हंगाम संपला की कारखाना थंड झाल्यासारखा दिसतो, पण खरे काम तेव्हाच सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, पंप खोलले जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. शेवटी बॉयलरमध्ये पाणी भरून, दाब देऊन, एकेक नळी पाहिली जाते. ऐन हंगामात एक नळी फुटली तरी मिल थांबते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. म्हणून या खर्चाबद्दल वार्षिक सभेत कोणी हरकत घेत नाही.

पण आपल्याच दारात वीस-पंचवीस वर्षांची जीप उभी असते. तिच्या चेसिसला धरून पेन्सिलीहून बारीक अशा लोखंडी नळ्या चारही चाकांपर्यंत गेलेल्या असतात. त्या आपण शेवटच्या कधी पाहिल्या? इंजिन ऑईल आपण बदलतो, टायर बदलतो, ब्रेकचे लायनरसुद्धा बदलतो. नळीकडे मात्र कोणी बघत नाही. ती आवाज करीत नाही आणि त्रासही देत नाही. ती फक्त आतून-बाहेरून गंजत राहते.

एका पायावर चार चाके

या नळीवर किती भार असतो ते आधी पाहू. ब्रेकच्या पायटीवर आपण चाळीस किलोचा जोर दिला आणि पायटीच्या दांड्याने तो सहापट झाला असे धरले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २४० किलोचा जोर येतो. दट्ट्या एक इंच व्यासाचा असेल तर त्याचे तोंड साधारण पाच चौरस सेंटीमीटरचे असते. म्हणजे नळीतल्या तेलावर दर चौरस सेंटीमीटरला ४७ किलोच्या आसपास दाब पडतो. जीपच्या टायरमध्ये हवा असते दोन किलोच्या आसपास. टायरच्या वीस पटींहून जास्त दाब ही बारीक नळी सोसते, आणि तोही जेव्हा समोर काहीतरी आडवे आलेले असते नेमक्या त्या क्षणी.

तेलाच्या दाबावर चारही चाकांचे ब्रेक लावण्याची रीत मोटारगाडीत रुळली ती १९२० नंतरच्या दशकात. अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ च्या सुमारास अशी गाडी बाजारात आणली. सोय उत्तम होती, पण एक उणीव राहिली. सगळ्या चाकांचे तेल एकाच सिलिंडरमधून जाई. एका ठिकाणी नळी फुटली की चारही चाके मोकळी. म्हणून अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्गांचे ब्रेक सक्तीचे झाले. आपल्याकडच्या जुन्या जीपांत मात्र एकाच मार्गाचे ब्रेक असलेल्या गाड्या अजून फिरताहेत. ब्रेक ऑईलची डबी उघडून पाहा. आत एकच कप्पा आणि एकच दट्ट्या असेल, तर तुमच्या गाडीला दुसरी संधी नाही हे ध्यानात ठेवा.

मागे एका हंगामात एका सभासदाची जीप काट्याकडे येणाऱ्या उतारावर होती. बाजूला बैलगाड्यांची रांग, गाड्यांच्या सावलीला टोळीतली लहान पोरे. पायटी दाबली ती सरळ खाली गेली. गाडी हाकणारा जुना, हाताचा पक्का. त्याने गिअर खाली टाकला आणि जीप सरळ शेजारच्या खोडव्यात घातली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. नंतर वर्कशॉपमध्ये गाडी उचलून पाहिली तर मागच्या ॲक्सलवर, नळी धरणाऱ्या पट्टीच्या खाली, सुई जाईल एवढे भोक होते. पट्टी काढेपर्यंत ते दिसतही नव्हते. “परवाच तर ब्रेक झ्याक लागत होता,” असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

नळी गंजते कुठे आणि का

मूळ नळी पोलादी असते. पत्र्याची पट्टी दोनदा गुंडाळून, तांब्याने झाळून ती दुहेरी भिंतीची केलेली असते. बाहेरून गंज धरू नये म्हणून लेप असतो. पण पाटाचा चिखल, खताच्या गोणीतून सांडलेले पोटॅश आणि पावसाळी ओल या तिन्ही गोष्टी आपल्या गाडीच्या वाट्याला रोजच्या रोज येतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराईडयुक्त मीठच आहे, ते लोखंड खाते. जिथे चिखल साचून राहतो तिथे गंज आधी धरतो : पकडपट्ट्यांच्या खाली, चेसिसच्या कोपऱ्यात, मागच्या ॲक्सलच्या वरच्या अंगाला, आणि नट जिथे बसतो तिथे.

दुसरा गंज आतून येतो. ब्रेक ऑईल हवेतले पाणी ओढून घेते. नव्या डॉट ३ ऑईलची उकळी २०५ अंशांच्या पुढे असते. पाणी शिरल्यावर ती १४० अंशांपर्यंत खाली येते, आणि तेच पाणी सिलिंडरला आणि नळीला आतून गंजवते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलावे. ते काळे पडेपर्यंत थांबू नये.

तपासणी अगदी सोपी आहे. तारेच्या ब्रशने चिखल झाडा, पकडपट्ट्या सैल करा, बॅटरी लावून सगळी नळी हाताने चाचपा. नुसता तांबूस रंग असेल तर साफ करून रंग द्या. खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटत असतील, कुठे ओल दिसत असेल, तर ती नळी गेली असे समजा. डबीतले ऑईल वरचेवर कमी होत असेल तर ते कुठेतरी जातेच आहे. “घालू की जरा वरून,” म्हणून सोडून देऊ नये.

घरी बदलायची तर

ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याला हे काम घरी जमते. पण एक पथ्य पाळावे. एक तुकडा गंजला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. सगळ्या नळ्या एकदमच बदलाव्यात.

गाडी सपाट, कठीण जागेवर घ्या. जुन्या जीपांची हँडब्रेक पुष्कळदा चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असते. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की हँडब्रेक ओढलेली असूनही गाडी सरकू शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावा आणि गाडीखाली मजबूत घोड्या ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

नळी विकत आणण्याआधी चाकांवरचे हवा काढायचे निपल सुटतात का ते पाहा. गंजलेला निपल जोर लावला की तुटतो, मग व्हील सिलिंडरही आणावा लागतो. आदल्या रात्री नटांवर आणि निपलांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. नट सोडवायला उघडा पाना वापरू नका, कडा गोल होतात. नळीवरून घालता येईल असा, एका बाजूला फट असलेला रिंगपाना मिळतो, तोच घ्या. रबरी होज दुसऱ्या पान्याने धरून मगच नट फिरवा, नाहीतर होज पिळला जातो. जुनी नळी फेकू नका. नव्या नळीची लांबी आणि वळणे तिच्यावरूनच घ्यायची आहेत.

आता नळी कोणती? ब्रेकसाठीच बनवलेली दुहेरी भिंतीची पोलादी नळी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी. दुसऱ्या प्रकारात साधारण दहा टक्के निकेल असते, ती सहज वळते आणि गंजत नाही. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ पासून ती वापरात आणली. फ्रिजवाल्याकडची नुसत्या तांब्याची नळी मात्र कधीही घालू नका. ती वळवायला सोपी आणि दिसायला छान असते, पण थरथरीने ताठर होते आणि एक दिवस तडकते. गॅसच्या किंवा पाण्याच्या नळीला वापरतात तसला दाबकडीचा सांधा घालून मधला तुकडा जोडण्याचा उपायही बाद समजावा.

तोंड नीट तर काम नीट

खरी कारागिरी नळीच्या तोंडात आहे. नळी छोट्या पाईपकटरने सरळ कापा. आतली कोर काढा, फुंकून किंवा धुऊन कीस घालवा. मग आधी नट नळीत घाला आणि त्यानंतर फ्लेअर मारा. तोंड झाल्यावर नट त्यावरून जात नाही, आणि केलेले काम पुन्हा कापावे लागते.

फ्लेअर दुहेरीच हवा. पहिल्या दाबात तोंड फुगते, दुसऱ्या दाबात ते आत दुमडून डबल घडीचे होते. एकेरी फ्लेअर पाण्याला पुरतो, ब्रेकच्या दाबाला नाही. तयार तोंड उजेडात धरून पाहा. ते मधोमध असावे, कडेला चीर नसावी. शंका आली तर कापा आणि पुन्हा करा. नळीचा इंचभर तुकडा वाया गेला तरी हरकत नाही. गाडीगणिक तोंडाचा आकार वेगळा असतो. कुठे उतरत्या कडेचा, कुठे बुडबुड्यासारखा फुगीर. जुन्या नळीचे तोंड समोर ठेवून तसाच करा. एका जातीचा फ्लेअर दुसऱ्या जातीच्या बैठकीत आवळला तर तो आज बसल्यासारखा वाटेल आणि उद्या गळेल. सांध्याला टेफ्लॉनची पट्टी किंवा शेलॅक लावू नये. धातूवर धातू बसूनच हा सांधा बंद होतो.

वळणे गोल वस्तूवर सावकाश द्या. नळी चिमटली तर तो तुकडा बाद. सायलेन्सरपासून लांब, मूळ वाटेनेच नळी न्या आणि प्रत्येक पकडपट्टी परत लावा. मोकळी लोंबणारी नळी थरथरून तुटते. होज तडकलेले दिसले तर तेही याच वेळी बदला.

हवा काढणे

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच, सीलबंद डब्यातले ब्रेक ऑईल घाला. इंजिन ऑईल किंवा डिझेल चुकूनही घालू नका. त्याने रबरी वॉशर फुगतात आणि सगळे सिलिंडर खोलावे लागतात. ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

हवा काढायला दोन माणसे लागतात. उजव्या हाताच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी : मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा. गाडीखालचा म्हणेल, “अण्णा, दाबा. दाबून धरा.” मग तो निपल सैल करील, ऑईल आणि बुडबुडे बाहेर येतील, आणि निपल बंद केल्यावरच म्हणेल, “आता सोडा.” निपल उघडा असताना पाय सोडला की गेलेली हवा परत आत शिरते. मधूनमधून डबी भरत राहा. ती कोरडी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. बाटलीत निघालेले ऑईल परत वापरू नये.

बुडबुडे थांबल्यावर पायटी जोराने दाबून मिनिटभर धरा. दुसऱ्याने प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावे. पायटी हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. पायटी दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर लायनर ड्रमपासून लांब आहेत, ते ॲडजस्ट करावे लागतील. सगळे ठीक वाटले तरी गाडी आधी मोकळ्या रानात चालीच्या वेगाने फिरवा. दुसऱ्या दिवशी सांधे पुन्हा पाहा, आणि मगच रस्त्यावर या.

कोणी घरी करू नये

ट्रक आणि मोठ्या वाहनांचे हवेचे ब्रेक, तसेच एबीएस असलेल्या नव्या गाड्या यांना घरी हात लावू नये. जुन्या ट्रॅक्टरपैकी पुष्कळांचे ब्रेक दांड्यांचे असतात, तिथे नळीचा प्रश्नच येत नाही. पण ज्या ट्रॅक्टरला ब्रेक ऑईलची डबी आहे, त्याला नळी आहेच. मागे भरलेली ट्रॉली असते, म्हणून त्याची तपासणी जीपच्याही आधी करावी. आणि ज्याला दुहेरी फ्लेअर नीट जमत नाही, त्याने जुन्या नळ्या नेऊन जाणत्या मिस्त्रीकडून नव्या बनवून घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही.

मोळी पडायला अजून अवकाश आहे. रस्ते भरून वाहू लागले, बैलगाड्या आणि टोळ्या उतरल्या, की मग गाडी उभी करायला कोणाला सवड होत नाही. तेव्हा सभासद बंधूंनी या उन्हाळ्यातच एक सकाळ काढावी, तारेचा ब्रश घ्यावा आणि गाडीखाली डोकवावे. पकडपट्टीच्या खाली काय आहे ते पट्टी काढल्याशिवाय कळणार नाही.