मर्ज करण्याआधी

सकाळी ६
मार्च उजाडला की आमच्या प्रकल्पाच्या दारात गर्दी होते. प्रकल्प लहानसा आहे: लोकांनी कशाही लिहिलेल्या तारखा ओळखून संगणकाला कळतील अशा करून देणारी पायथनची लायब्ररी. आम्ही दोघं नोकरी करून ती सांभाळतो, बिनपगारी. रात्रीतून आलेल्या निरोपांपैकी बहुतेकांत एकच मागणी आहे, ‘सर, हा इश्यू मला असाइन करा.’ गूगल समर ऑफ कोडचे अर्ज भरायचे हे दिवस. नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करू देणाऱ्या, २००५ पासूनच्या या उपक्रमात निवड व्हायची, तर आधी थोडं काम करून दाखवावं अशी अनेक प्रकल्पांची अपेक्षा असते, म्हणून ही धावपळ.

आम्ही मात्र इश्यू, म्हणजे नोंदवलेली अडचण, कुणाच्याच नावावर करत नाही. नाव लावून घेणारा गायब झाला की दुसरं कुणी त्याला हात लावत नाही, आणि बग तसाच कुजत राहतो. हे मी प्रत्येकाला त्याच्या नावानिशी लिहून कळवते. तयार मजकूर चिकटवता आला असता. पण पहिल्यांदाच आलेल्याला माणसाचं उत्तर मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ७
प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एक विशेषण वाढवणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती. बंद केली. मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी अशा रिक्वेस्टींचा एवढा मारा झाला, की ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांतच आयोजक डिजिटलओशनला नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील, तिथलंच काम मोजायचं. मुलांवर माझा राग नाही. ‘पुल रिक्वेस्ट उघडा’ इथेच शिकवणीचा व्हिडिओ संपवणाऱ्यांवर आहे. उघडायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम पुढच्या चर्चेत टिकून राहण्याचं, आणि ते कुणी दाखवत नाही.

सकाळी ८.४०, हिंजवडीच्या बसमध्ये
सुरक्षेतली मोठी त्रुटी सापडल्याचा लांबलचक अहवाल. भाषा गुळगुळीत, मुद्दे नीट पाडलेले. पण ज्या फंक्शनवर सगळा आरोप आहे, ते आमच्या कोडमध्ये नाहीच. सुरक्षेचा अहवाल न वाचता टाकून देता येत नाही, त्यामुळे सगळा प्रवास त्यातच गेला. एआयकडून लिहून घेतलेल्या असल्या अहवालांना कंटाळूनच इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं कर्ल हे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२६ च्या जानेवारीअखेर त्रुटी शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजना बंद केली. त्यांचा निर्णय मला पूर्ण पटतो.

दुपारी १.१५
डबा खाताना आजची सगळ्यात अवघड रिक्वेस्ट उघडली. पाठवणारा सांगलीचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. ‘०३/०४/२०२४’ ही तारीख आमची लायब्ररी ४ मार्च समजते, कारण मूळ लेखकाने अमेरिकन क्रम धरला होता. मुलाने तो उलटा केला. बदल दोनच ओळींचा, कोड स्वच्छ. भारतात बसून पाहिलं तर तो शंभर टक्के बरोबर आहे.

आणि तरीही हे मर्ज करता, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळून घेता येत नाही. कुणाकुणाची बिलं, हजेरीपत्रकं, औषधांच्या नोंदी या लायब्ररीवर चालतात हे आम्हाला कळायला मार्ग नाही. क्रम बदलला तर एरर येणार नाही, तारखा गुपचूप चुकतील. त्याही सगळ्या नाहीत. १३ तारखेपासून पुढे गोंधळ होत नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चूक आणि नंतर सगळं सुरळीत. असला बग शोधताना माणसं रडकुंडीला येतात.

माझ्या जर्मन सहकाऱ्याने त्याला एकाच वाक्यात नकार दिला होता: जुने वापरकर्ते अडचणीत येतील. मुलाने खाली लिहिलंय, ‘नवीन लोक नकोच असतील तर तसं स्पष्ट सांगा.’ सहकाऱ्याचा नकार योग्य आहे. पण त्या एका ओळीमागे किती वर्षांचा अनुभव आहे, हे बाहेरून आलेल्या मुलाला कसं दिसावं? मी त्याला रात्री फोनवर बोलू या, असं कळवलं.

दुपारी ४
एका कंपनीतून खरमरीत निरोप: नवी आवृत्ती कधी काढताय, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. ही भाषा वाचली की मला फाइली आकुंचित करणारं एक्सझेड हे मुक्त सॉफ्टवेअर आठवतं. २०२२ मध्ये तो प्रकल्प सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांच्यामागे काही अनोळखी नावांनी असाच तगादा लावला होता. आपली मानसिक तब्येत बरी नाही, हे काम बिनपगारी आहे, असं त्यांनी सांगूनही तो थांबला नाही. हळूहळू अधिकार ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाकडे गेले आणि त्याने कोडमध्ये चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ती उघडकीला आली. त्या चोराने आणखी एक नुकसान केलं: आता मनापासून मदत करणाऱ्या, भराभर शिकणाऱ्या नवख्याकडेही आम्ही आधी संशयाने पाहतो.

रात्री ९
“ताई, म्हणजे माझं चुकलंच?”
“अजिबात नाही. तुझा क्रम बरोबर आहे, फक्त तो सगळ्यांवर लादता येत नाही. वापरणाऱ्याला निवडता येईल असा पर्याय दे. न निवडल्यास जुनंच वागणं राहील.”
“मग हे त्यांनी का नाही सांगितलं?”
“दिवसभर नोकरी करून रात्री तेच उत्तर पुन्हा पुन्हा लिहितात, म्हणून. तरी सांगायला हवं होतं. तू टेस्टसुद्धा लिही. १२ आणि १३ तारीख दोन्ही घाल.”
पंचेचाळीस मिनिटं बोललो. एवढ्या वेळात तो बदल मीच केला असता. पण मग पुढच्या वर्षीही तो मलाच करावा लागला असता.

रात्री १०.३०
जर्मनीत संध्याकाळचे सहा. सहकारी दमलेला आहे. त्याचा प्रस्ताव: आधी इश्यूवर चर्चा झाल्याशिवाय बाहेरच्यांची रिक्वेस्ट घ्यायचीच नाही. मी मान्य केलं, एका अटीवर: प्रत्येक इश्यूला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं, आणि नकार असेल तर कारणासकट. त्याला आठवडा कमी वाटतो. दोन आठवड्यांवर तडजोड झाली. नियमाचा मसुदा तो शनिवारी लिहिणार आहे, आणि सांगलीच्या मुलाला त्यातलं कुठलं वाक्य समजत नाही, ते मी विचारणार आहे.