गॅलरीतला मटार : वाण निवडताना

हिवाळा लागला की बाजारात मटार स्वस्त होतो आणि घरच्या कुंडीतही तो लावून पाहण्याची इच्छा अनेकांना होते. मात्र भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या खाडीलगतच्या वस्तीत या पिकाचे गणित वेगळे आहे. मटार हे थंड हवेचे पीक. १० ते २० अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. पारा ३० अंशांपुढे गेला की फुले गळतात व दाणे नीट भरत नाहीत. पुरंदर तालुक्यात पावसाळ्यातही वाटाणा पिकतो, तो तिथल्या गार हवेमुळे. किनाऱ्यावर ही सवलत नाही. येथे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो.

म्हणूनच वाणाची निवड महत्त्वाची ठरते. 'बोनव्हिल'ची शेंग गोड. पण तोडणीस सुमारे ८५ दिवस लागतात आणि तोवर ऊन तापू लागते. 'अर्केल' हे बुटके वाण साठ दिवसांच्या आसपास तोडणीला येते, शिवाय कुंडीत मावते. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने विकसित केलेले 'अर्का अजित' भुरी व तांबेरा या रोगांना दाद देत नाही. मात्र त्याला सुमारे ९० दिवस लागतात. त्यामुळे इंद्रलोकच्या गॅलरीसाठी 'अर्केल'च अधिक भरवशाचे.

पेरणी ऑक्टोबरच्या उकाड्यात न करता नोव्हेंबरच्या मध्यास करावी. वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल, तळाला भोके असलेली कुंडी पुरते. बी अडीच सेंटिमीटर खोल, पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर थेट कुंडीतच पेरावे. रोपे उपटून पुन्हा लावलेली मटाराला सोसत नाहीत. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. त्यामुळे युरिया घातल्यास पानेच माजतात. शेणखत वा गांडूळखत पुरेसे. सकाळचे ऊन मिळेल, पण दुपारचा तडाखा टळेल अशी जागा उत्तम. वेलीला खिडकीच्या जाळीचा आधार चालतो. कुंडीखाली ताटली ठेवल्यास खालच्या मजल्यावर पाणी गळत नाही.

मटाराचे फूल स्वतःच फलित होते. त्यामुळे मधमाश्या न पोहोचणाऱ्या वरच्या मजल्यांवरही शेंगा धरतात. दहा-बारा रोपांतून फार तर एखाद्या वेळच्या पुलावापुरते दाणे मिळतील. उन्हाने फुले गळालीच, तरी कोवळ्या शेंड्यांची भाजी होते; मेहनत अगदीच वाया जात नाही.