वार्धक्य आणि शरीराची प्रतिकारशक्ती

उतारवय आले की केस पिकतात, दृष्टी मंदावते, गुडघे कुरकुरू लागतात. हे बदल दिसणारे असल्यामुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्याच काळात शरीरात आणखी एक बदल होत असतो व तो डोळ्यांना दिसत नाही. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी यंत्रणाही वृद्ध होत असते. घरात सर्वांना एकाच वेळी थंडीताप येतो. तरुण माणसे चार-सहा दिवसांत हिंडूफिरू लागतात, आजोबांना मात्र त्यातूनच न्यूमोनिया होतो. असे का घडते, आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, हे या लेखात पाहावयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षे व त्यांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख भरली होती व तेव्हापासून ती वाढतच आहे. हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे.

संरक्षणाच्या दोन फळ्या

शरीराच्या संरक्षणाच्या दोन फळ्या असतात. पहिल्या फळीत भक्षक पेशी येतात. जंतू कोणताही असो, त्याला गिळून टाकणे हे त्यांचे काम होय. दुसऱ्या फळीत लसिका पेशी असतात. त्यांचे कार्य अधिक नेमके असते. यांतील प्रत्येक पेशी एखादाच विशिष्ट आकार ओळखू शकते. तो आकार धारण करणारा जंतू शरीरात आला, की ती पेशी विभागू लागते व काही दिवसांत तिच्यासारख्या असंख्य पेशींची पलटण उभी राहते. यांपैकी बी-पेशी प्रतिपिंडे नावाची प्रथिने रक्तात सोडतात. टी-पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात व इतरांच्या कामाचे नियंत्रणही करतात. रोग ओसरल्यावर यांतील बहुतेक पेशी नष्ट होतात, पण थोड्या मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आल्यास त्या तत्काळ कामाला लागतात. लस टोचण्यामागचे तत्त्वही हेच आहे.

ही स्मृती किती दीर्घकाळ टिकते याचे एक उत्कृष्ट उदाहरण उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाले. तेथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षे तो रोग तेथे फिरकला नाही. १८४६ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जणांना त्याने गाठले. साथीच्या पाहणीसाठी गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश वैद्याला असे आढळले, की १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता असे वृद्ध या वेळी सुटले; परंतु ज्यांना तेव्हा तो झाला नव्हता असे वृद्ध मात्र त्यास बळी पडले. म्हणजे वयामुळे जुनी ओळख पुसली गेली नव्हती.

यौवनलोपी ग्रंथी

मग वार्धक्यात उणे पडते ते काय? याचे उत्तर उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेल्या एका लहान ग्रंथीत सापडते. तिला थायमस अथवा यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. तिच्या मराठी नावातच तिचे भवितव्य सांगितलेले आहे. दीर्घकाळ ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. १९६१ मध्ये लंडन येथे काम करणाऱ्या जाक मिलर यांनी नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांत लसिका पेशींची संख्या फार घटली व ते संसर्गास सहज बळी पडू लागले. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी या ग्रंथीत येऊन टी-पेशी म्हणून तयार होतात, हे पुढे स्पष्ट झाले.

ही ग्रंथी बाल्यावस्थेत जोमाने काम करते. यौवनारंभानंतर ती झपाट्याने आक्रसत जाते व तिची जागा चरबी घेते. त्यामुळे नव्या, म्हणजे अद्याप कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या टी-पेशींचा पुरवठा वर्षानुवर्षे कमी होत जातो. पूर्वी तयार झालेल्या पेशी विभागून काही काळ ही उणीव भरून काढतात, पण त्यांच्यातील विविधता हळूहळू घटते. एखाद्या दुकानात जुन्या ओळखीच्या मालाचे ढीग असावेत, पण नवा माल येणे बंद व्हावे, तशी ही स्थिती होय.

अलीकडच्या दोन साथींची तुलना केल्यास हा फरक ध्यानात येईल. २००९ मध्ये इन्फ्लुएन्झाची जी जागतिक साथ आली, तिची लागण वृद्धांना तरुणांपेक्षा कमी प्रमाणात झाली. कारण १९१८ च्या साथीतील विषाणूच्या वंशजांशी त्यांपैकी अनेकांचा बालपणी किंवा तरुणपणी संबंध आला होता. उलट २०२० मध्ये पसरलेला कोरोना विषाणू सर्वांनाच नवा होता. जुनी ओळख कोणाच्याच उपयोगी पडली नाही, आणि नव्या पेशींचा तुटवडा असलेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक राहिले.

धुमसता दाह

याच्या जोडीला दुसरा एक दोष उत्पन्न होतो. जखम किंवा संसर्ग झाला असता त्या जागी दाह होतो व काम संपताच तो शमतो. वृद्ध शरीरात मात्र कारण नसतानाही मंद दाह चालू राहतो. २००० साली क्लाउडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेकडे लक्ष वेधले. पोटावरील अतिरिक्त चरबी, धूम्रपान, आणि ज्यांचे कार्य संपले तरी ज्या नष्ट होत नाहीत अशा जीर्ण पेशी, ही त्याची काही कारणे होत. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे धुमसणारा हा दाह रक्तवाहिन्यांना अपाय करतो व खऱ्या शत्रूशी लढण्याच्या कामीही अडथळा आणतो.

ऱ्हास मंद करण्याचे उपाय

आक्रसलेली यौवनलोपी ग्रंथी पुन्हा तरुण करण्याचे खात्रीचे साधन आज तरी उपलब्ध नाही. तथापि, शिल्लक असलेली शक्ती राखणे व तिला वेळीच शिक्षण देणे आपल्या हाती आहे.

पहिला उपाय लसीचा. लस म्हणजे केवळ लहान मुलांची गोष्ट, हा समज सोडून दिला पाहिजे. वृद्धांत लसीचा परिणाम काहीसा कमी होतो हे खरे. म्हणूनच त्यांच्यासाठी अधिक प्रभावी लसी तयार करण्यात आल्या आहेत. याचे उदाहरण नागीण या रोगाचे. बालपणी कांजिण्या झाल्या, की तिचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतात व टी-पेशींचा पहारा ढिला पडताच नागिणीच्या रूपाने वर येतात. पूर्वीच्या लसीने हा रोग सुमारे निम्म्या प्रमाणात टळत असे. नंतर निघालेल्या, प्रतिसाद वाढविणारे द्रव्य मिसळलेल्या लसीने सत्तरीवरील व्यक्तींतही सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. ही लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. इन्फ्लुएन्झाची दरवर्षीची लस, न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस व धनुर्वाताची पुनर्मात्रा यांविषयीही साठीपुढील प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा उपाय अंगमेहनतीचा. २०१८ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी ५५ ते ७९ वर्षे वयाच्या, अनेक वर्षे नियमितपणे दूरवर सायकल चालविणाऱ्या १२५ व्यक्तींची तपासणी केली. बैठे जीवन जगणाऱ्या समवयस्कांपेक्षा त्यांच्या रक्तात नव्या टी-पेशी अधिक आढळल्या. मुळातच निरोगी असलेली माणसेच सायकल चालवीत राहतात, असाही याचा काही अंशी अर्थ असू शकेल. परंतु व्यायामामुळे चरबी व दाह दोन्ही कमी होतात, हे इतर पुराव्यांनी सिद्ध आहे. रोज अर्धा तास जलद चालणे बहुतेकांना झेपण्यासारखे आहे.

तिसरा उपाय आहाराचा. पेशी व प्रतिपिंडे प्रथिनांपासून बनतात. दात गेले, भूक मंदावली, की वृद्ध माणसे चहापोळीवर किंवा पेजेवर भागवितात आणि तेथेच ऱ्हास वाढतो. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी व मासे त्यांच्या ताटात रोज असावेत. अन्नाचे महत्त्व किती आहे, हे झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगाने दाखविले. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पूरक अन्न पुरविले असता त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. या प्रयोगात सर्व वयांची माणसे होती. पण त्याचा बोध वृद्धांनाही लागू पडतो.

पुरेशी झोप, तंबाखू व विडी-सिगारेटचा त्याग आणि मधुमेहाचे नियंत्रण यांचाही उल्लेख केला पाहिजे. रक्तातील साखर वाढलेली राहिली, की भक्षक पेशींचे काम मंदावते.

प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून जी चूर्णे व गोळ्या विकल्या जातात, त्यांच्याबाबत मात्र सावध राहावे. भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या मेच्निकॉफ यांनीही आंबवलेल्या दुधाने वार्धक्य लांबते, असे प्रतिपादन केले होते. दही चांगले अन्न आहे. पण ते संजीवनी ठरले नाही.

एक सूचना

शेवटी, घरातील मंडळींनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ताप हा प्रतिकाराचाच एक भाग असल्यामुळे वृद्ध व्यक्तीला गंभीर संसर्ग होऊनही ताप येत नाही किंवा थोडाच येतो. त्याऐवजी एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, अन्नावरील वासना उडणे, श्वास जलद होणे अशी लक्षणे दिसतात. ‘वयच झाले, असे व्हायचेच’ असे म्हणून ती सोडून देऊ नयेत. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. वार्धक्य टाळता येत नाही, परंतु त्या काळातील पुष्कळसे आजार टाळता येतात, आणि वेळेवर ओळखल्यास त्यांतून माणूस वाचविताही येतो.