सात वर्षांचा निकोलस आणि अवयवदान



३ ऑगस्टला आपल्याकडे अवयवदान दिन असतो. शाळेत प्रतिज्ञा होते, एक-दोन घोषणा होतात, झालं! मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही. त्यापेक्षा त्यांना निकोलस ग्रीनची गोष्ट सांगा.

निकोलस अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील बोडेगा बे या गावचा. वय ७ वर्षे. जुन्या रोमन इतिहासाचं त्याला भारी वेड. १९९४ मध्ये आई-वडील आणि ४ वर्षांची बहीण एलेनॉर यांच्यासोबत तो इटलीत फिरायला गेला होता. २९ सप्टेंबरच्या रात्री महामार्गावर लुटारूंनी त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. मुलं मागच्या सीटवर झोपलेली होती. एक गोळी निकोलसच्या डोक्यात लागली. दोन दिवसांनी मेसिना शहरातील रुग्णालयात त्याचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

रेग आणि मॅगी या आई-वडिलांनी त्याचे अवयव द्यायचं ठरवलं. ज्या देशात आपलं लेकरू मारलं गेलं, त्याच देशातल्या अनोळखी माणसांना! हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंडाच्या पेशी आणि दोन नेत्रपटलं, असे ७ जणांना. हृदय मिळालेला अँड्रिया तेव्हा १५ वर्षांचा होता, तो २०१७ पर्यंत जगला. यकृत मिळालेली मारिया पिया १९ वर्षांची होती. पुढे तिला मुलगा झाला, त्याचं नाव तिने निकोलस ठेवलं.

तेव्हा पश्चिम युरोपात अवयवदानात इटली जवळजवळ तळाला होती. पुढच्या दहा वर्षांत तिथलं प्रमाण तिप्पट झालं. इटलीच्या लोकांनी ग्रीन कुटुंबाला घंटा पाठवल्या : शाळेच्या, चर्चच्या, गाईंच्या गळ्यातल्यासुद्धा. बोडेगा बे येथे अशा १४० घंटांचा मनोरा आहे. मधल्या मोठ्या घंटेवर निकोलसचं आणि त्या सात जणांची नावं कोरली आहेत. मुलांना चित्र काढायला हा विषय छान आहे.

आता मोठ्यांसाठी थोडं. कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातला रुग्ण परत येऊ शकतो. मेंदूचा मूळ भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचा बंद पडला की स्वतःहून श्वास येत नाही आणि माणूस परतत नाही. व्हेंटिलेटरमुळे छाती हलते, अंग गरम लागतं, म्हणून घरच्यांना पटत नाही. (कोणाला पटेल हो?) आपल्याकडचा कायदाही १९९४ चाच. त्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं आणि मोठ्यांच्या बाबतीत किमान ६ तासांनी तीच तपासणी पुन्हा होते. मूल १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडिलांची संमती लागते. वेळ फार थोडा असतो. काढलेलं हृदय साधारण ४ तासांत बसवावं लागतं.

नेत्रदान मात्र घरी नैसर्गिक मृत्यू झाला तरी होतं, साधारण ६ तासांच्या आत.

तुम्ही कार्ड भरलं असलं तरी दवाखान्यात शेवटी घरच्यांनाच विचारतात. म्हणून कार्डाइतकंच घरातलं बोलणं महत्त्वाचं. आमच्याकडे दोन-तीन वेळा जेवताना हा विषय निघाला. यजमान लगेच तयार झाले. सासूबाई म्हणाल्या, "बाकीचं बघू, डोळे मात्र घ्या." त्यांचा अर्ज भरून झाला आहे.