‘मी बरा आहे’ – पण खरंच का?

ठरल्या वेळी घरचं माणूस परतलं नाही, की आपला जीव कसा खालीवर होतो! ध्रुवप्रदेशातही हेच चालतं, बरं का. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या अमेरिकन तळाचा नियमच आहे: दूर बर्फात छावणी टाकून राहणाऱ्या तुकडीनं रोज ठरल्या वेळी रेडिओवरून किंवा उपग्रह-फोनवरून खुशाली कळवायची. निरोप आला नाही, की शोधाची तयारी सुरू.

हा नेम किती मोलाचा, ते ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांच्या हकिकतीवरून कळतं. १९३४ च्या मार्चअखेर हे गृहस्थ हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी ‘लिटल अमेरिका’ या तळापासून सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकटेच राहिले. बाहेर उणे ६० अंशांपर्यंत थंडी, आणि महिनोन्महिने सूर्यदर्शन नाही. आठवड्यातून तीनदा तळावरचा आवाज त्यांना ऐकू यायचा. उत्तर मात्र तारेच्या ‘कडकट्ट’ भाषेतच द्यावं लागे.

मे संपता संपता बर्ड कोसळले. घात केला तो खोलीतल्या स्टोव्हनं आणि रेडिओला वीज पुरवणाऱ्या पेट्रोलच्या इंजिनानं. धूर जायच्या वाटा बर्फानं तुंबत आणि कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठे. त्याला ना रंग, ना वास! आपल्यापायी ऐन हिवाळ्यात कुणी जीव धोक्यात घालू नये, म्हणून बर्डनी दुखणं लपवलं. पण संदेश अडखळू लागले, अक्षरं चुकू लागली, आणि तळावरच्यांना शंका आलीच. मुलीच्या पत्रातल्या अक्षरावरून आईला नाही का कळत? थॉमस पोल्टर हे शास्त्रज्ञ दोन साथीदारांसह ट्रॅक्टर घेऊन निघाले. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, ते पोचले. बर्ड वाचले.

मैत्रिणींनो, हाच वायू आपल्या घरातही साठू शकतो. थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजू नका. गॅसचा गीझर कोंदट न्हाणीघरात नको. हवा खेळती हवी. डोकं दुखू लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून बसून राहू नका. तडक मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा.

आणि गावी आई किंवा सासूबाई एकट्या राहत असतील, तर फोनची वेळ ठरवून घ्या. ‘मी बरी आहे गं’ असं त्या म्हणणारच. आपण शब्दांबरोबर आवाजाकडेही कान द्यावा.